वही त्यांची असली तरी तक्ता आपला हवा



कापसाची गाडी केंद्राच्या किंवा बाजार समितीच्या फाटकातून आत गेली की तिच्या नावाने लिहिणे सुरू होते. फाटकावर गाडीचा नंबर आणि वेळ टिपतात. काट्यावर भरलेले वजन आणि रिकामे वजन टिपतात. ग्रेडर ओलावा पाहतो, धाग्याची लांबी पाहतो, प्रत ठरवतो. लिलाव झाला तर बोली लिहिली जाते. पुढे जिनिंगमध्ये किती कापूस गेला, किती रुई निघाली, किती सरकी निघाली, किती घट आली हेही लिहिले जाते. शेवटी पैसे कोणत्या तारखेला जमा झाले त्याचीही नोंद होते. एका गाडीमागे पंधरा-वीस आकडे सहज होतात. पूर्वी ते खतावणीत असत, आता संगणकात असतात.

या आकड्यांचे पुढे काय होते? त्यांचे अहवाल होतात. रोजची आवक, हंगामाची खरेदी, एकूण उलाढाल, जमा झालेली बाजार फी, बांधलेल्या गाठी. हे अहवाल खोटे असतात असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. अहवाल ज्याच्या प्रश्नासाठी तयार होतो त्यालाच उत्तर देतो. बाजार समितीला फी किती जमली ते पाहायचे असते, तिला ते कळते. जिनवाल्याला गाठी किती झाल्या ते पाहायचे असते, त्याला ते कळते. मुंबई-दिल्लीच्या कचेरीला खरेदीचा आकडा छापायचा असतो, तिला तो मिळतो. ज्याने वर्षभर राबून कापूस पिकवला त्याचा प्रश्न मात्र यातल्या एकाही रकान्यात नसतो. तो प्रश्न एवढाच, की माझ्यासारख्या कोरडवाहू, दहा-बारा क्विंटलवाल्या माणसाच्या हातात खरोखर काय पडले आणि कुठे गळती झाली?

हा प्रश्न दुसरा कोणी विचारणार नाही, म्हणून त्याचा तक्ता दुसरा कोणी मांडणारही नाही. तो आपल्यालाच मांडावा लागेल. जिल्हा बैठकीपुढे एवढी एकच गोष्ट ठेवण्यासाठी हा लेख आहे.

वही जाळून काय झाले?

आपल्या शेतकऱ्याला वहीचा राग जुना आहे आणि तो साधार आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस युरोपच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बंदरातून आपला कापूस भरभरून गेला. भाव चढले, सावकारांनी कर्जे सढळ हाताने दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्जे मात्र उरली. पुढे मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले आणि उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्यांचा रोख होता खतांवर आणि वह्यांवर. सावकाराकडून कागद हिसकावून घ्यायचे आणि जाळायचे. कारण त्या कागदात काय लिहिले आहे हे फक्त सावकाराला कळत होते. अंगठा आपला, अक्षर त्याचे, बेरीजही त्याची.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. त्या कायद्यात एक कलम मोलाचे होते. शेतकऱ्याने भरलेल्या रकमेची लेखी पावती मागायचा, वर्षाचा हिशेब लेखी मागायचा आणि पासबुकात खाते उतरवून घ्यायचा त्याला हक्क दिला गेला. सरकारलासुद्धा मान्य करावे लागले होते, की हिशेबाची प्रत कर्जदाराच्या हाती नसेल तर त्याचे रक्षण होत नाही.

त्याच काळात दुसरीकडे काय चालले होते ते पाहा. मिनार नावाच्या एका फ्रेंच अभियंत्याने १८६६ मध्ये एक नकाशा प्रसिद्ध केला. १८५८, १८६४ आणि १८६५ या तीन वर्षांत युरोपात कापूस कुठून किती आला हे त्याने पट्ट्यांनी दाखवले. जितका कापूस जास्त तितका पट्टा रुंद. अमेरिकेचा पट्टा बारीक झालेला आणि हिंदुस्थानचा फुगलेला, एका नजरेत दिसतो. तिकडे बसलेल्या माणसाला आपल्या कापसाचे जाणे-येणे असे डोळ्यांनी पाहता येत होते. ज्या मातीतून तो कापूस गेला तिथल्या माणसाला आपल्याच कर्जाची बेरीज दिसत नव्हती.

आज आपल्या घरात लिहिता-वाचता येणारी पोरे आहेत, खिशात मोबाईल आहे. आता वही जाळण्याचे कारण उरलेले नाही. तिची प्रत घेऊन आपल्या रकान्यांत उतरवायची आहे.

एका दिवसाचे चार भाव

पहिली गोष्ट भावाची. पणन मंडळ आणि बाजार समित्या रोज तीन भाव प्रसिद्ध करतात: कमीतकमी, जास्तीतजास्त आणि सर्वसाधारण. आपण वर्तमानपत्रात किंवा मोबाईलवर सर्वसाधारण दर पाहतो आणि गाडी भरतो. तिथे गेल्यावर तो भाव आपल्याला मिळत नाही आणि आपण नशिबाला बोल लावतो. नशिबाचा यात संबंध नाही. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत.

समजा, एका दिवशी दहा गाड्या आल्या. तीन मोठ्या, प्रत्येकी ३० क्विंटलच्या. त्या ७,६०० रुपयांनी गेल्या. सात लहान, प्रत्येकी ६ क्विंटलच्या. त्या ६,९०० रुपयांनी गेल्या. आता भाव किती निघाला?

ज्या भावाने सर्वात जास्त माल गेला तो भाव सांगायचा, तर ७,६००. सगळे पैसे भागिले सगळे क्विंटल केले, तर ९ लाख ७३ हजार ८०० भागिले १३२, म्हणजे ७,३७७. सर्वात वरचा आणि सर्वात खालचा घेऊन मधला काढला, तर ७,२५०. आणि प्रत्येक गाडीवाल्याला एक माणूस धरून सरासरी काढली, तर ७,११०.

एकच दिवस, एकच वही, आणि भाव चार. चारही आकडे खरे आहेत. पहिला आकडा व्यापाऱ्याच्या कामाचा. दुसरा बाजार समितीच्या उलाढालीच्या कामाचा. चौथा आपल्या जवळचा. आणि यातल्या एकाही आकड्यात खरी बातमी नाही. खरी बातमी अशी, की दहापैकी सात जणांना ६,९०० मिळाले.

आणखी खोलात जा. त्या तीन मोठ्या गाड्या कोणाच्या? कित्येकदा त्या खेडा खरेदीवाल्याच्या असतात. त्याने आठवडाभर गावागावांतून गरजू माणसांचा कापूस गोळा केलेला असतो आणि वहीत तो 'आवक' म्हणून आपल्यातच मोजला जातो. म्हणजे आपल्याकडून पडत्या भावाने घेतलेला कापूस पुढे चढ्या भावाने विकला गेला, की शेतकऱ्याला चांगला भाव मिळाल्याचा अहवाल होतो! मोठ्या आणि लहान गाड्यांचे रकाने वेगळे केले तरच हे उघडे पडते. असा वेगळा रकाना करा असे कोणतेही परिपत्रक सांगणार नाही.

म्हणून आपला पहिला तक्ता असा हवा: दहा क्विंटलच्या आतल्या गाड्यांपैकी किती गाड्या हमीभावाच्या खाली गेल्या आणि किती रुपयांनी खाली गेल्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. ती रेघ कागदावर आडवी ओढा आणि प्रत्येक गाडीचा भाव टिंबाने मांडा. रेघेच्या खाली किती टिंबे पडली ते शाळेतल्या पोरालाही मोजता येईल.

ओलाव्याचा ढीग

दुसरी गोष्ट ओलाव्याची. भारतीय कपास निगमाच्या, म्हणजे सीसीआयच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव. ८ ते १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात. १२ च्या वर गेला तर कापूस परत. नियम सगळ्यांना ठाऊक आहे. ८,११० रुपयांच्या भावात एका टक्क्याची कपात ८१ रुपयांची होते, हेही ध्यानात असू द्या. वीस क्विंटलवाल्याचे त्यात सोळाशे रुपये गेले.

यंत्र खोटे दाखवते अशी ओरड गावोगाव आहे. ग्रेडर म्हणतो, तुमचाच कापूस ओला. भांडण जागच्या जागी राहते, कारण दोन्ही बाजूंकडे एकेका गाडीचा आकडा असतो. एका गाडीवरून काहीच सिद्ध होत नाही. दोनशे गाड्यांवरून पुष्कळ काही दिसते.

महिनाभराचे ओलाव्याचे सगळे आकडे घ्या आणि किती गाड्यांना किती ओलावा निघाला याचे उभे खांब काढा. कापूस हा निसर्गाचा माल आहे. त्याचे आकडे साधारण उताराने चढतात आणि उताराने उतरतात. ११.७, ११.८, ११.९ ला मोजक्याच गाड्या आणि १२.१ ला एकदम मोठा खांब दिसला, तर त्या जागी विचारण्यासारखे काहीतरी आहे. तसा खांब दिसला नाही तर यंत्रावरचा संशय सोडून द्यावा आणि आपल्या वेचणीकडे पाहावे.

आता तेच आकडे वेळेप्रमाणे मांडा. सकाळी आठला मोजलेल्या गाड्या, दुपारी दोनला मोजलेल्या गाड्या. रात्रभर उघड्यावर, दवात उभ्या राहिलेल्या गाडीचा ओलावा जास्त निघत असेल, तर कपात कोणाच्या चुकीची झाली? कापूस घरून कोरडा निघाला होता. रांगेत उभे करून तो ओला केला गेला. हा मुद्दा सभेत ओरडून सांगितला तर साहेब ऐकून घेतो आणि विसरतो. कागदावर दोन खांब शेजारी-शेजारी उभे केले तर त्याला उत्तर द्यावे लागते: फाटकावर आल्या दिवशीच ओलावा का मोजला जात नाही, किंवा शेड का नाही.

उताऱ्याचे पैसे

तिसरी गोष्ट सर्वात मोठी, आणि तीच सर्वात झाकलेली आहे. कापूस विकत घेणारा खरे तर कापूस घेत नाही. तो रुई आणि सरकी घेतो. एका क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, उरलेल्यात बहुतेक सरकी आणि थोडी घट. १७० किलो रुईची एक गाठ होते आणि ३५६ किलोची एक खंडी. रुईचे व्यवहार सहसा खंडीवर ठरतात.

समजा, खंडीचा भाव ५३,४०० रुपये आहे, म्हणजे रुई किलोला १५० रुपये. सरकी समजा किलोला ३५ रुपये. एकाच्या कापसाचा उतारा ३४ आणि दुसऱ्याचा ३६. दुसऱ्याच्या क्विंटलमधून दोन किलो रुई जास्त निघाली, तिचे ३०० रुपये. दोन किलो सरकी कमी निघाली, तिचे ७० वजा. क्विंटलमागे २३० रुपयांचा फरक. दोघांच्या हातात मात्र एकच भाव ठेवला जातो. कोणते वाण, कोणत्या जमिनीत, पहिल्या वेचणीचे की फरदडीचे, याचा उतारा किती पडला हे जिनिंगच्या वहीत दर लॉटला लिहिलेले असते. ते पिकवणाऱ्याकडे परत येतच नाही.

जुन्या मंडळींना एकाधिकार खरेदी आठवत असेल. १९७१ च्या कायद्याने ती आली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून जवळपास तीस वर्षे महाराष्ट्रातला कापूस सरकारखेरीज दुसऱ्याला विकायला बंदी होती. लोकांना परराज्याच्या हद्दीवर चोरासारखा आपलाच कापूस न्यावा लागला. भांडवल उभारणीच्या नावाने तीन टक्के कापून घेतले जात. त्या काळात सरकारकडे आपल्या राज्याच्या कापसाच्या नोंदींचा केवढा डोंगर साठला असेल! जिल्हावार, केंद्रवार, प्रतवार, उताऱ्यासकट. त्यातून शेतकऱ्याच्या घरी आली ती एक पावती आणि पुढे कधीतरी जाहीर होणारा फरक. तुझ्या तालुक्याच्या कापसाचा उतारा हा, शेजारच्या तालुक्याचा हा, तेव्हा पुढच्या साली बियाणे निवडताना एवढे पाहा, असा साधा तक्ता गावाच्या चावडीवर लागलेला कोणाला आठवतो का?

आता काळ बदलला. सीसीआयच्या गाठींना क्यूआर कोड लागू लागले. गाठ कोणत्या जिनिंगमध्ये बांधली, केव्हा बांधली, तिची प्रत काय, हे गिरणीवाल्याला मोबाईल धरला की कळते. कापूस विकायचा तर शेतकऱ्यालाही २०२५-२६ च्या हंगामात मोबाईलवरच्या 'कपास किसान' ॲपमध्ये नाव नोंदवावे लागले. म्हणजे शेतकऱ्याची माहिती वर जायला रस्ता झाला. गाठीची माहिती पुढे गिरणीकडे जायला रस्ता झाला. फक्त उताऱ्याची माहिती खाली बांधाकडे यायला रस्ता नाही. तो मागण्याची वेळ आली आहे.

ज्वारी, रांग आणि चुकाऱ्याची तारीख

ज्वारीबद्दल थोडक्यात. ज्वारीला २०२५-२६ साठी संकरित ३,६९९ आणि मालदांडी ३,७४९ असा हमीभाव होता. ज्वारीच्या केंद्रांबाबत भावापेक्षा मोठा प्रश्न असतो तो हा, की केंद्र उघडले केव्हा. आपण माल काढतो केव्हा, बाजारात आवक वाढते केव्हा आणि केंद्राची पहिली पावती फाटते केव्हा, या तीन तारखा एका रेघेवर मांडल्या की पुरे. पावती फाटण्याआधीच निम्मी आवक व्यापाऱ्याकडे गेलेली दिसली, तर हमीभाव कोणासाठी होता ते कळते. ज्यांनी गोदामात माल ठेवून तारण कर्ज घेतले असेल त्यांनी ठेवतानाचे वजन आणि काढतानाचे वजन असे दोन रकाने ठेवावेत. घट सगळ्यांना सारखीच येते की काही जणांनाच जास्त येते, ते वर्षभरात दिसेल.

चुकाऱ्याचेही तसेच. वीस क्विंटल कापूस ७,५०० ने दिला तर दीड लाख झाले. पैसे एक महिना उशिरा आले आणि तोपर्यंत शेकडा दोनने उसनवारी करावी लागली, तर तीन हजार गेले. क्विंटलला १५० रुपये झाले. भावात दीडशेची घट झाली असती तर आपण रस्त्यावर उतरलो असतो. तारखेच्या आड तेवढीच घट येते तेव्हा आपण बँकेत चकरा मारतो.

नोंदी मिळवायच्या कशा?

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण वही आपल्याला दाखवतो कोण? दाखवावी लागते. माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. त्याची मुळे कुठे आहेत ते ठाऊक असावे. राजस्थानातल्या मजूर-शेतकऱ्यांनी, मजदूर किसान शक्ती संघटनेने, डिसेंबर १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. हजेरीपटावरची नावे आणि बिलांवरच्या रकमा भर सभेत वाचून दाखवल्या. ज्या माणसाच्या नावावर मजुरी लावली तो समोर उभा राहून सांगे, की मी त्या कामावर नव्हतोच. कायद्याच्या आधी ती वही होती आणि वहीच्या समोर गाव होते.

बाजार समिती कायद्याने झालेली संस्था आहे, सीसीआय केंद्र सरकारची कंपनी आहे. दोन्ही ठिकाणी अर्ज चालतो. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. नोंदी प्रत्यक्ष पाहता येतात, टिपणे घेता येतात आणि संगणकात असतील तर संगणकीय प्रत मागता येते.

पण अर्ज लिहिताना एक खुबी सांभाळा. 'शेतकऱ्यांवर अन्याय झाला काय याचा अहवाल द्यावा' असे लिहाल तर उत्तर येणार नाही आणि तक्रारही टिकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे, की जी माहिती कचेरीकडे नोंदलेली आहे तीच तिने द्यायची. तुमच्यासाठी नवी माहिती गोळा करण्याचे किंवा नवे तक्ते बनवण्याचे बंधन तिच्यावर नाही. काही जणांना हा निकाल अडचणीचा वाटतो. मला त्यात सरळ सांगणे दिसते. तक्ता कचेरीकडून मागूच नका. कच्च्या नोंदी मागा. अमुक केंद्र, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, फाटकाची वेळ, वजन, ओलावा, प्रत, दर, चुकाऱ्याची तारीख. शेतकऱ्यांची नावे आणि खाते क्रमांक वगळून द्या असे आपणच लिहा. म्हणजे नकाराला एक कारण कमी झाले, आणि आपल्या भावाबंदांची खाजगी माहितीही बाहेर पडली नाही.

खाजगी जिनवाला या कायद्यात येत नाही. तिथे आपल्या पावत्या हीच आपली वही. गावातल्या पन्नास घरांनी हिशेबपट्टीची प्रत दिली तरी तालुक्याचे चित्र उभे राहू लागते.

तक्ता मांडताना

काम अवघड नाही. एका पावतीची एक ओळ. तारीख, वेळ, केंद्र, वजन, ओलावा, दर, कपात, हातात आलेली रक्कम, चुकाऱ्याची तारीख. शक्य असेल तिथे वाण आणि वेचणी. कागदावर करा किंवा मोबाईलवर, रकाने सगळ्या गावांत तेच ठेवा. नाहीतर बेरीज जुळणार नाही.

तीन पथ्ये पाळा. पाच पावत्यांवरून निष्कर्ष काढू नका. ज्या दिवशी भांडण झाले त्याच दिवसाच्या पावत्या निवडून घेऊ नका. चांगला भाव मिळाला त्याचीही पावती त्यात हवी, नाहीतर तो तक्ता म्हणजे नुसती तक्रारवही होईल. आणि आलेख काढताना फरक मोठा दिसावा म्हणून मोजपट्टी तोडू नका. ६,९०० पासून सुरू केलेल्या खांबांत ७,००० आणि ७,१०० यांच्यात दुपटीचा फरक दिसतो. समोरचा माणूस एवढे ओळखतो, आणि एक लबाडी सापडली की बाकीचे सगळे खरे आकडेही बुडतात.

आकडे आपल्या विरुद्धही जातील. आपल्याच गावचा कापूस सरसकट ओला निघाला किंवा कवडी जास्त निघाली, तर ते मान्य करावे लागेल. तेही फायद्याचेच आहे. दोष वेचणीत असेल तर तो आपण पुढच्या हंगामात दुरुस्त करू शकतो. दुसऱ्याच्या काट्यातला दोष दुरुस्त करण्यापेक्षा ते सोपे आहे.

नाशिकमध्ये हे झालेले आहे

हे नवे नाही. आपल्याच जिल्ह्यात, ओझरला, हे पाण्याच्या बाबतीत झाले. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडची गावे. कागदावर सगळे भिजलेले आणि शेतात पाणी नाही. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास तिथे पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी मोजून घ्यायचे ठरवले. चारीच्या तोंडाशी किती पाणी आले ते शेतकऱ्यांनी स्वतः टिपायचे, आणि आत कोणाला किती तास दिले तेही स्वतः टिपायचे. तोपर्यंत 'पाणी सोडले' आणि 'पाणी आले नाही' या दोन वाक्यांचे भांडण होते. मोजणी आल्यावर ते घनमीटरवर आले. पुढे पूर्ण वाघाड प्रकल्पाचे सिंचन शेतकऱ्यांच्या संस्थांच्या हाती आले, आणि २००५ मध्ये राज्यात शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाच झाला.

मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या कोरडवाहू माणसाला कालव्याच्या गोष्टी ऐकवल्या की त्याच्या जिवाला लागते, हे मला समजते. त्याला कालवा नाही. पण काटा आहे, ग्रेडर आहे, जिन आहे. तिथे येणारा-जाणारा प्रत्येक किलो तसाच मोजता येतो.

आंदोलन की आकडे?

शेवटचा आक्षेप बैठकीत नक्की येणार आहे: आकड्यांनी भाव मिळत नाही, तो रस्त्यावर उतरून मिळतो. मी रस्त्यावर उतरू नका असे म्हणत नाही. पण रस्त्यावरून उठताना आपल्या हातात काय येते ते आठवा. 'चौकशी करू', 'समिती नेमू', 'अहवाल मागवू'. अहवाल कोणाकडून मागवतात? ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडूनच. तो त्याच्या रकान्यांत, त्याच्या सरासरीने तयार होतो आणि सहा महिन्यांनी सांगतो, की सर्व काही नियमाप्रमाणे आहे. त्या दिवशी आपल्याजवळ आपला तक्ता नसेल, तर लाख माणसे जमवूनही आपण मुकेच.

दुसरा म्हणेल, कामाच्या दिवसांत एवढा वेळ कोणाला? पावती जपून ठेवायला वेळ लागत नाही. ओळ लिहायला पाच मिनिटे लागतात. गावातली एक शिकलेली मुलगी आठवड्यातून एक संध्याकाळ बसली तरी गावाचा तक्ता पुरा होईल. बचत गटाची वही आपल्या मायबहिणी वर्षानुवर्षे चोख ठेवत आल्या आहेत. हे काम त्यांच्या हाती दिले तर पुरुषांपेक्षा नीट होईल असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा बैठकीसाठी तीन सूचना. एक, येताना प्रत्येक गावाने गेल्या हंगामाच्या जमतील तितक्या काटापट्ट्या आणि हिशेबपट्ट्या घेऊन याव्यात. प्रत काढून मूळ परत दिली जाईल. दोन, प्रत्येक तालुक्याने एका केंद्राच्या नोंदींसाठी वर सांगितल्याप्रमाणे अर्ज करावा. सगळे अर्ज एकाच रकान्यांचे असावेत. तीन, जिनिंगचा उतारा केंद्रवार आणि पंधरवडावार फलकावर लावला जावा, अशी मागणी ठरावात घ्यावी. क्यूआर कोड लावून गाठीची कुंडली गिरणीला देता येते, तर उताऱ्याचा एक आकडा फळ्यावर खडूने लिहायला काही खर्च नाही.

नव्या हंगामाची पहिली वेचणी घरात येईल तेव्हा व्यापारी दारात येईल आणि विचारेल, काय भाव सांगता? त्याच्याकडे त्याचा तक्ता असेल. आपला तयार आहे का, हे बैठकीत पाहू.